कावूच्या डोंगरात: सिवू बोलणाऱ्यांच्या गावी

घानाच्या पूर्व कडेला, टोगोच्या सीमेलगत उत्तर-दक्षिण पसरलेली डोंगरांची एक रांग आहे. फार उंच नाही, पण हिरवीगार आणि वळणावळणाची. या रांगेत चौदा छोट्या भाषा एकमेकींना खेटून राहतात. त्यांतली सिवू ऐकायची म्हणून मी निघाले होते. ती बोलणारे लोक स्वतःला मावू म्हणवतात, त्यांच्या मुलखाला कावू आणि बोलीला सिवू. मूळ 'वू' एकच. आधी 'मा' लागला की माणसं, 'का' लागला की जागा, 'सि' लागला की भाषा. नकाशावर मात्र कावू सापडत नाही. तिथे अक्पाफू आणि लोलोबी या नावांनी सुरू होणारी गावं दिसतात. बोलणारे काही हजारच, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या गावांत मावतील इतके.

मंगळवार, टेमा ते होहोये

टेमा बंदराजवळ माझी एक मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे राहते. तिच्या शेजारणीचं माहेर अक्पाफूचं, आणि त्या शेजारणीची भाची सुट्टीला गावी निघालेली. तिच्याबरोबर जायचं ठरलं. सकाळी ट्रोट्रो पकडली. ट्रोट्रो म्हणजे माणसांनी खच्चून भरलेली व्हॅन. दाराशी उभा राहून गावांची नावं ओरडणारा पोरगा म्हणजे 'मेट'.

वोल्टा नदीवर आतिंपोकूला अडोमी पूल लागतो. घाना स्वतंत्र झाला त्याच वर्षी, 1957 साली, हा कमानदार पूल वाहतुकीला खुला झाला. इथून थोडं वर अकोसोंबोचं धरण आहे. 1965 साली ते पुरं झालं आणि त्यामागे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला. पुलाशी गाडी थांबली रे थांबली की बायका डोक्यावर परड्या घेऊन खिडक्यांशी येतात. पानात गुंडाळून वाफवलेला मक्याचा गोडसर अबोलो आणि त्याबरोबर कुरकुरीत तळलेले, करंगळीएवढेही नसलेले मासे. त्या माशांना इथे 'वन मॅन थाउजंड' म्हणतात. मी दोनदा घेतले.

टेमाला कानावर गा भाषा पडत होती, क्पोंगला क्रोबो, पुलाजवळ ट्वी, आणि पेकी ओलांडल्यावर सगळीकडे एवे. भाची प्रत्येक थांब्यावर त्या त्या भाषेत पाणी, केळी, सुटे पैसे मागत होती. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. तिच्या गावात प्रत्येकाला किमान तीन भाषा येतातच, कारण कावूबाहेर पाऊल टाकलं की सिवू कुणालाच समजत नाही. लहान भाषेचे लोक बहुभाषिक असतात हे वाचून माहीत होतं. ते एका मुलीच्या तोंडून दिवसभर ऐकलं.

होहोयेला पोचेपर्यंत अंधार पडला. हे एवे लोकांचं बाजारपेठेचं शहर. रात्री आक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि भेंडीचं कालवण खाल्लं आणि झोपले.

बुधवार, मेंपेआसेम

होहोयेहून उत्तरेला तासाभराच्या आत अक्पाफू-मेंपेआसेम येतं. पत्र्याच्या छपरांची घरं, मधोमध मोकळी जागा, सावलीला आंब्याची झाडं. पाहुणा आला की आधी बसायला देतात, मग पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत कोणी काही विचारत नाही. मग घरातला मोठा माणूस रीतसर विचारतो, येणं कशासाठी केलंत. तेही एकदम नाही, आधी घरच्यांची ख्यालीखुशाली. नंतर गावच्या प्रमुखाकडे जायचं, स्नॅप्स या कडक मद्याची बाटली द्यायची. त्यातले चार थेंब जमिनीवर ओतून पूर्वजांना सांगितलं जातं की अमुक पाहुणी आली आहे, तिला सुखरूप ठेवा. त्या बोलण्यात माझं नाव ऐकलं आणि हात आपोआप जोडले गेले.

आमचा मुक्काम भाचीच्या आजीकडे. आजी सत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, बोलताना समोरच्याच्या मनगटाला धरून बोलणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला सिवू. मध्ये भाची.

सिवूत तीन सूर आहेत: वरचा, मधला, खालचा. आपणही 'आलास' आणि 'आलास?' यांत सूर बदलतो, पण तो वाक्याचा सूर असतो, विचारण्याचा किंवा सांगण्याचा. इथे सूर शब्दाचा आहे, त्यातल्या स्वराइतकाच त्याचा अविभाज्य भाग. सूर हलला तर शब्द दुसराच होतो किंवा कोणताच होत नाही. संध्याकाळी ओट्यावर आजींनी मला शिकवायला घेतलं. त्या एक शब्द म्हणत आणि हाताचा तळवा हवेत धरत: छातीशी, हनुवटीशी, कपाळाशी. मी म्हणे. त्या मान हलवून तळवा बोटभर वर नेत. पुन्हा मी म्हणे. नातवंडं गोल करून बसली होती, आणि सूर जमला की ती टाळ्या वाजवत, नुसता शब्द जमला तर वाजवत नसत. मुलांच्या लेखी सुराशिवाय शब्दाला अर्थच नव्हता.

'अक्पाफू'मधला 'क्प'ही तेव्हाच नीट कळला. आधी क, मग प असं नाही. घसा आणि ओठ एकाच क्षणी बंद, एकाच क्षणी उघडे. जमायला लागला की तोंडात छोटासा बार उडाल्यासारखं वाटतं.

मी काहीतरी अस्पष्ट बोलले की आजी म्हणत, "आँ?" अगदी आपलं आँ. जगातल्या दहा भाषांमधला हा 'ऐकू आलं नाही'चा हुंकार तपासणारा एक अभ्यास 2013 साली निघाला, आणि त्या दहांत सिवू होती. सगळीकडे तो जवळजवळ सारखाच निघाला. त्या कामाला 2015 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यातला सिवूचा भाग अभ्यासणारे डच भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से 2007 पासून याच गावात येऊन काम करत होते.

गुरुवार, उखळाशी

हा दिवस मी विसरणार नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिते.

शनिवारी गावात एका वृद्ध गृहस्थांचा अंत्यविधी होता. इथे मृत्यूनंतर लगेच सगळं उरकत नाहीत. मोठा विधी पुढे, नातेवाईक दूरदूरहून जमल्यावर होतो. त्यात ठासणीच्या बंदुकांचे बार काढतात, आणि त्यासाठी लागणारी दारू गावातच तयार होते. एका अंगणात चार-पाच पुरुष सकाळपासून त्या कामाला लागले होते. सोरा आणि गंधक बाजारातून आणलेला, कोळसा घरी पाडलेला. लाकडी उखळात मुसळ पडत होतं. दोघे समोरासमोर, एकाचं मुसळ वर तेव्हा दुसऱ्याचं खाली. मध्येच थांबून कोणी चिमूट उचलायचा, अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "साफाराऽऽ." म्हणजे अजून भरड आहे, दाणे लागताहेत. पुन्हा कांडणं. मग दुसऱ्याने चिमूट घेतली. तोही तेच म्हणाला, पण जरा तोकडं. भाची म्हणाली, "आता कमी भरड आहे." बऱ्याच वेळाने सगळ्यांत वयस्क गृहस्थांनी बोटं चोळली आणि चेहरा निवला. "देक्पेरेऽऽऽ," ते म्हणाले, शेवटचा स्वर लांबवत, आणि बोटं हवेत अशी सरकवली की मला ती भुकटी लांबूनच हाताला लागली. एकदम मऊ, एकजीव.

सिवूत असे शब्द शेकड्यांनी आहेत. स्पर्श, चाल, चव, आकार, प्रकाश, आवाज यांचं चित्र ते आवाजानेच काढतात. चकचकणाऱ्या गोष्टीला गेलेगेले. गुळगुळीत पृष्ठभागाला पोलोपोलो. दात पडलेलं माणूस तोंड हलवतं ते मुकुमुकु. झोकांड्या खात चालणं म्हणजे ग्बादाराग्बादारा. सुटलेल्या मोठ्या पोटाला पुम्बुलू, पुढे आलेल्या छोट्या पोटाला पिम्बिली. अंगावरून गार झुळूक गेली की साऽऽ. पांढऱ्याशुभ्राला फुतुतु.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपण पिवळाधमक, हिरवागार, लालभडक म्हणतो. लुटुलुटु, थुलथुलीत, खरखरीत, बदाबदा म्हणतो. यातले अर्धे शब्द शाळेच्या निबंधात येत नाहीत, पण स्वयंपाकघरात, शेतात, भांडणात आणि पोराला भरवताना त्यांच्याशिवाय पानही हलत नाही. डच माणसांना सिवू, एवे, जपानी, कोरियन आणि मलेशियातली सेमाई अशा पाच भाषांतले असे 203 शब्द ऐकवून अर्थ ओळखायला सांगण्याचा प्रयोग डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. नुसत्या अंदाजाने लागले असते त्याहून जास्त अर्थ लोकांनी बरोबर लावले. अर्थात सगळे नाहीत, आणि तेही रास्तच. ते भाषेचे शब्द आहेत, भाषेत राहूनच शिकावे लागतात.

त्या अंगणात मला जे उमगलं ते असं. हे शब्द कोणी कोणाला शिकवत नव्हतं. बाजूला उभा राहून बघणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा चिमूट घेत होता, चोळत होता आणि मोठ्यांनी जो शब्द म्हटला तो त्याच लांबीने, त्याच सुराने म्हणत होता. काम हातात होतं म्हणून शब्द तोंडात होता. उद्या बंदुकीच्या दारूची पाकिटं होहोयेच्या दुकानात मिळायला लागली, तर साफारा आणि देक्पेरे यांतला फरक बोटांनी पारखायचं कारणच उरणार नाही. शब्द कोशात राहील, त्या मुलाच्या बोटांत राहणार नाही. लहान भाषांची चिंता करताना आपण शब्दसंग्रह आणि लिपी यांच्याबद्दल बोलतो. मला वाटतं, आधी उखळाबद्दल बोलायला हवं.

दुपारी आजींनी तांदूळ कांडला आणि सुपात पाखडला. हा आफ्रिकेचा स्वतःचा तांदूळ, आशियातल्या भाताहून वेगळी जात, नायजर नदीच्या खोऱ्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेली. बहुतेक ठिकाणी तो आशियाई भाताने मागे सारला. या डोंगरांत लोकांनी तो सोडला नाही, कारण विधींना तोच लागतो. लालसर दाणा, शिजला की अंगचा सुगंध आणि थोडा चिकटपणा. तळकोकणात घरच्या वालयची पेज खाल्लेल्यांना तो पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल.

शुक्रवार, तोद्झी

जुनं गाव अक्पाफू-तोद्झी डोंगरमाथ्यावर आहे. चढ छातीवरचा. तोद्झी हे नावही एवे, अर्थ 'डोंगरावर'. एकोणिसाव्या शतकात या भागात लढायांची धामधूम होती. 1869 पासून पश्चिमेकडच्या बलाढ्य असांते राज्याच्या फौजा इथल्या मुलखात शिरल्या. अशा वेळी माथ्यावर राहणं शहाणपणाचं होतं.

पण तोद्झीचं मोठेपण लोखंडात आहे. मावू लोक डोंगरात बोगदे खणून खनिज काढत, मातीच्या भट्ट्यांत ते वितळवत आणि कुदळी, चाकू घडवून दूरवर विकत. आर. एस. रॅट्रे या ब्रिटिश अधिकारी-अभ्यासकाने 1916 साली अक्पाफूच्या या लोहारांवर लेख लिहिला तेव्हा धंदा विझत आला होता. युरोपातून आलेलं स्वस्त लोखंड किनाऱ्यावरून इथवर पोचलं होतं. आमच्याबरोबर आलेल्या मास्तरांनी वाटेच्या कडेचा एक काळपट, जड, फेसाळ दगड उचलून हातात दिला. भट्टीतली मळी. अशी वाटेवर जागोजागी पडलेली. मी विचारलं, भट्टीच्या कामाचे जुने शब्द कोणाला येतात का? मास्तर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझ्या आजोबांना येत असतील."

माथ्यावर वारा सुटला होता. भाची हात पसरून म्हणाली, "साऽऽ!"

शनिवार, अंत्यविधी

पहाटेच बार सुरू झाले. काळे आणि लाल कपडे, मंडप, भाड्याच्या खुर्च्या, आणि कान बधिर करणारे स्पीकर. कोणी किती आहेर दिला ते ध्वनिवर्धकावर पुकारलं जात होतं, आणि त्यात कोणाला संकोच नव्हता. खर्च मोठा असतो, तो सगळ्यांनी मिळून उचलायचा ही रीत.

स्पीकरवर एवे स्तोत्रं आणि शहरी गाणी. मी वाट पाहत होते ती शोकगीतांची. कोफी अगावू हे आज जगभर वाचले जाणारे संगीताभ्यासक याच भागातले, 1956 साली होहोयेत जन्मलेले. अक्पाफूच्या अंत्यविधीतल्या संगीतावर त्यांनी 1988 साली लिहिलं आहे. सिवू शोकगीतं बायका गातात. एक सुरुवात करते, बाकीच्या धरतात.

जेवणानंतर वीज गेली आणि स्पीकर बंद पडले. मंडपाच्या मागच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने ओळ उचलली. आजी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि दुसरी ओळ धरली. मग सगळ्या. चाल साधी, उतरती, शेवटी खालच्या सुरावर विसावणारी. तीन दिवस ओट्यावर हाताच्या तळव्याने शिकलेले चढउतार त्या चालीत तसेच्या तसे ऐकू येत होते. बोलण्याचा सूर चालीने मोडलेला नव्हता, म्हणून शब्द लांबूनही समजतात, असं भाचीने हलकेच सांगितलं. ती स्वतः ऐकत होती, गात नव्हती. तिच्या वयाच्या कोणीच गात नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "आम्हाला चर्चची गाणी येतात."

वीज परत आली. गाणं त्या आवाजात थोडा वेळ टिकलं आणि मग बायका पुन्हा जेवणाच्या पातेल्यांकडे वळल्या.

रविवार, चर्च आणि चिंचोळा ओटा

सकाळी चर्चमध्ये प्रार्थना एवेत, बायबल एवेत, सूचना एवेत. एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन मिशनऱ्यांनी एवे हीच या भागाची लिखित भाषा केली, आणि शाळाही तिच्याच वाटेने गेली. आजही घानात सरकारी पाठिंबा अकरा देशी भाषांना आहे. त्यांत एवे आहे, सिवू नाही. परकीय स्तोत्रांना एवे शब्द बसवताना सूर बऱ्याचदा चालीखाली दबतात. तरी लोक भक्तीने गातात, आणि त्या भक्तीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शब्दाचा सूर आणि चाल हातात हात घालून चालतात तेव्हा काय होतं, ते कालच ऐकलं होतं.

इथल्या सगळ्या छोट्या भाषांना एका जर्मन अभ्यासकाने 1912 साली 'टोगोच्या उरलेल्या भाषा' असं नाव दिलं, आणि ते पुढे अनेक वर्षं चाललं. मला हे नाव मनापासून नापसंत आहे. या भाषा कशातूनही उरलेल्या नाहीत, आपापल्या जागी पुऱ्या आहेत. हल्ली त्यांना घाना-टोगो डोंगरी भाषा म्हणतात, ते बरं.

दुपारी मास्तरांच्या अरुंद ओट्यावर पुरुषमंडळींची बैठक होती. विषय राजकारण, आणि तो मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हता. सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी हे चार शेजारी मुलूख. पहिल्याची भाषा सेले, लिक्पेची सेक्पेले, उरलेल्या दोघांची सिवू. 2018 च्या डिसेंबरात सार्वमत झालं, 2019 मध्ये वोल्टा प्रांतातून ओती प्रांत वेगळा झाला आणि हे चार मुलूख त्यात गेले. त्यांच्यासाठी ग्वान नावाचा वेगळा जिल्हा ठरला, पण मतदारसंघ वेळेत झाला नाही. 7 डिसेंबर 2020 ला या लोकांनी राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलं, खासदारासाठी मतपत्रिकाच नव्हती. चार वर्षं संसदेत त्यांचं कोणी नव्हतं. 2024 च्या निवडणुकीत अखेर ग्वानचा खासदार निवडून आला.

हे सांगताना मास्तरांचा आवाज चढला होता. "चार भाग मिळून सुद्धा आम्हाला विसरता येतं," ते म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला फार मोलाची वाटली. त्या चार वर्षांत सभा एकत्र व्हायच्या, आणि प्रत्येक जण आपल्या भाषेत बोलून मग एवेत सांगायचा. लिक्पेच्या माणसाने सेक्पेलेत भाषण केलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. शेजारी असून इतकी वर्षं एकमेकांशी परक्याच भाषेत बोलत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

सोमवार, परत

निघताना आजींनी कांडलेल्या तांदळाची पिशवी दिली आणि भाचीला काहीतरी भराभर बजावलं. गाडीत भाचीने ते बजावणं उलगडलं: पोचल्यावर लिहू नकोस, बोलून पाठव.

त्यांच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जवळजवळ सगळे निरोप आवाजी असतात. टाइप करायचं तर सुरांच्या खुणा फोनवर सहज उमटत नाहीत, आणि लांबवलेलं देक्पेरेऽऽऽ कितीही 'ए' जोडले तरी तसं वाजत नाही. म्हणून बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. भाचीने मला काही निरोप ऐकवले. आजी तांदळाबद्दल सांगत होत्या, कुठल्याशा शेळीबद्दल तक्रार करत होत्या, आणि मध्येच ग्बादाराग्बादारा ऐकू आलं तेव्हा गाडीतल्या आम्ही दोघीही हसलो. कोण झोकांड्या खात आलं होतं ते तिने सांगितलं, इथे लिहिणं बरं नाही.

राजधानी आक्रात जन्मलेली तिची भावंडं हे सगळं समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. ती मात्र त्यांना सिवूतच बोलून पाठवते. "मी थांबत नाही," ती म्हणाली, "त्यांना कंटाळा आला तरी." अडोमी पुलावर मासे घ्यायला गाडी थांबली तेव्हा ती फोन तोंडाशी धरून त्यांनाच काहीतरी सांगत होती, आणि मेट तिला आत सरकायला ओरडत होता.